मॅच्युअर, राइप आणि आमच्या वन्सं

वन्सं,

ईशान विचारतोय, त्या भांडणात शेवटी जिंकलं कोण. तुमचं तेरावं होऊन अजून आठवडा झाला नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाला एवढंच जाणून घ्यायचं आहे. मी म्हटलं, लिहून कळवते. तोंडी सांगायला लागले की मी मधेच थांबते, आणि मंजिरी तिकडे कॅनडात "आई, आवाज येतोय का? आई?" करत राहते. तिला वाटतं नेट गेलं. म्हणून हे लिहिणं तुम्हाला, आणि वाचणार ती दोघं, रेवा आणि ईशान. त्यांना मराठी वाचता येतं ते तुमच्यामुळे. दर रविवारी फोन समोर धरून तुम्ही त्यांच्याकडून एकेक पान वाचून घेतलंत, आणि अडखळले की तुमच्या नोकरीतल्या टेलिफोन ऑपरेटरच्या आवाजात म्हणायचात, "पुन्हा लावा." तेव्हा वाक्यं लहान ठेव, असं मी स्वतःला बजावलं आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कुमुद, शाळा सुटली गं तुझी. घरी ये."

ते भांडण झालं तेव्हाही रविवारच होता. आपल्याकडे सकाळ, त्यांच्याकडे शनिवारची रात्र. ईशानला शाळेतून इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या, अर्थ जवळजवळ सारखा, फरक सांगा. त्यातली एक जोडी त्याला सुटेना. मॅच्युअर आणि राइप. आजी इंग्रजीची बाई, तेव्हा प्रश्न आजीकडे आला. मी तीस वर्षं वर्गात दिलं असतं तेच उत्तर दिलं. फळ राइप होतं, माणूस मॅच्युअर होतो. दोन्हींचा अर्थ परिपक्व. लिही.

"चूक," मागून आवाज आला. तुम्ही बिरड्यासाठी वाल सोलत बसला होता.

"काय चूक?"

"फळसुद्धा मॅच्युअर होतं. आधी मॅच्युअर, मग राइप. मधे दिवस जातात."

"वन्सं, मुलाला उगाच गोंधळात टाकू नका. आणि माणूससुद्धा राइप होतो म्हणा ना मग. राइप ओल्ड एज म्हणतातच की."

"ती मी," तुम्ही म्हणालात. "मॅच्युअर कधी झाले नाही. एकदम राइप. ईशान, तुझ्या आजीला विचार, ती नवी नवरी असताना सत्यनारायणाच्या घडाचं काय झालं होतं."

"काय झालं होतं?" तिकडून दोन्ही मुलं एकदम.

मी सांगितलं नाही. आता सांगते.

मी गिरगावातल्या दोन खोल्यांतून सासरी, होळी गावच्या केळीच्या वाडीत आले तेव्हा केळं मला फक्त फळवाल्याच्या गाडीवर माहीत होतं, तेही पिवळं. विहिरीजवळ राजेळी केळ्यांचा एक मोठा घड लागला होता. सासूबाईंनी तो पूजेसाठी राखला होता, आणि गड्याला कापायला सांग म्हणून मला निरोप दिला. मी झाडाखाली जाऊन वर पाहिलं. सगळी केळी हिरवी. मला वाटलं, ही कशी चालतील? झाडावरच छान पिवळी होऊ देत. मी गड्याला थांबवलं आणि कोणाला विचारलं नाही. बी.ए. झालेल्या मुलीनं केळ्याबद्दल काय विचारायचं? पूजेच्या आदल्या दिवशी सासूबाई स्वतः वाडीत गेल्या. काही केळी उभी फुटली होती, त्यांच्यावर मुंग्या. काही वटवाघळांनी अर्धी खाऊन खाली टाकली होती. उरलेली एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवीच.

"कोणी ठेवला हा घड?" सासूबाईंचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

तुम्ही ड्यूटीवर निघाला होता, खांद्यावर पर्स. तुम्ही न थांबता म्हणालात, "मीच ठेव म्हटलं होतं, आई. विसरले." आणि गेलात. सासूबाई तुम्हाला बोलल्या ते मी दाराआड उभी राहून ऐकलं. तेव्हा तुमची माझी ओळख नीट झाली नव्हती. मी तुम्हाला थोडी घाबरतच होते.

संध्याकाळी परत आल्यावर तुम्ही मला दुसऱ्या घडाखाली नेलंत. माझा हात धरून केळ्यावर ठेवलात. कोवळ्या केळ्याला कडा असतात, बोटाला टोचतात. ते भरत जातं तशा कडा बोथट होतात. टोकाचं सुकलेलं फूल नुसतं बोट लागलं की गळतं. मग कापायचं, हिरवं असलं तरी. "झाडानं द्यायचं ते देऊन झालं," तुम्ही म्हणालात. "आता पिकायचं ते त्याचं त्यानं, घरात, गोणपाटाखाली. झाडावर राहिलं तर फुटतं." वाडीत याला दोन वेगळे शब्द होते, भरणं आणि पिकणं, आणि कोणी त्यांची गल्लत करत नव्हतं. मीच त्यांना एका परिपक्वमध्ये कोंबून तीस वर्षं शिकवत राहिले. ईशाननं तुमचं उत्तर लिहिलं. बाईंनी शाबासकी दिली. ते त्यानं मला आठवडाभर सांगितलं नाही. रेवा म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून.

तर ईशान, शब्दाचं भांडण आत्याआजी जिंकली. पण खरं भांडण त्याच्या पुढचं होतं, आणि तेव्हा तू झोपायला गेला होतास.

मुलं गेल्यावर मंजिरी फोनवर थांबली. तिचा चेहरा उतरला होता. रेवाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला कॉलेज मिळत होतं. विमानानंच जायचं इतकं दूर. अठरा पुरी व्हायची होती. घराजवळही चांगलं कॉलेज होतं. "मी नाही म्हणणार आहे," मंजिरी म्हणाली. "आई, तू सांग, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अजून लहान आहे. मॅच्युअर कुठे झाली?"

तुम्ही वाल सोलायचे थांबलात. "परत?" तुम्ही म्हणालात. एवढंच.

परत, कारण हे आपल्या घरात एकदा झालं होतं. मंजिरी बारावी झाली तेव्हा तिला बडोद्याला जायचं होतं, चित्रकला शिकायला. मी म्हटलं, मुंबईत काय कॉलेजं नाहीत? रोज घरी येईल, डोळ्यांसमोर राहील, चार वर्षांनी जाईल कुठे जायचं तिथे. हे ताटावर मान खाली घालून जेवत होते. तुमच्या भावाचं मत नेहमी जेवण संपल्यावर तयार होतं. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, "मुलगी भरली आहे, कुमुद. आता झाडावर ठेवलीस तर फुटेल."

"मुलगी म्हणजे केळं नव्हे, वन्सं!"

"नव्हेच. केळं उलट बोलत नाही."

हे हसले. मला राग आला आणि मी पानावरून उठले. तुम्ही मागे आला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच म्हणालात, आवाज न चढवता, जसा एखादा नंबर लागेपर्यंत फिरवत राहावा. शेवटी मी हो म्हटलं. पटलं म्हणून नव्हे. दमले म्हणून.

ती गेली त्या दिवशी हे तिला पोचवायला बडोद्यापर्यंत गेले. मी रिक्षा वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी होते. तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. अंगणात सुकेळी वाळत घातली होती, सोललेली राजेळी केळी, चटईवर ओळीनं. तुम्ही म्हणालात, "बस इथे. एकेक उलटायचं आहे." ऊन उतरेपर्यंत आपण दोघी केळी उलटत बसलो. माझी बोटं मधासारखी चिकट झाली होती, त्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते. ते तुमच्या लक्षात आलं होतं का? मला वाटतं आलं होतं. वन्सं, मंजिरी बडोद्याला माणूस झाली. तिनं पहिल्या वर्षी तापात स्वतःची पेज शिजवली आणि मला बरी झाल्यावर कळवलं. तिथून ती पुढे गेली, आणि आज ज्या घरातून हा फोन येतो ते घर उभं राहिलं. हे सगळं मला दिसत होतं. मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही, की बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत माझं.

पण त्या रविवारी मी लगेच हार मानणार नव्हते. मी तुम्हाला वादळाच्या वर्षाची आठवण करून दिली. वादळ येणार, येणार, म्हणून रेडिओवर सांगत होते आणि तुम्ही घाईनं सगळे घड उतरवले. वादळ गुजरातकडे वळलं. ती केळी कधी पिकलीच नाहीत. गोणपाटाखाली सुरकुतली, काळी पडली, आतून दगड. तुम्ही ती गुरांना घातलीत आणि चार दिवस कोणाशी बोलला नाहीत.

"हे पण होतं ना, वन्सं? न भरलेलं कापलं तर ते घरातही पिकत नाही."

"होतं," तुम्ही म्हणालात. तुम्ही चूक कबूल करताना पुढे कधी "पण" लावला नाहीत. हे मला तुमच्याकडून घेता आलं नाही.

"मग कसं ओळखायचं? केळ्याच्या कडा बोटाला लागतात. पोरीचं काय बघायचं?"

मंजिरी तिकडून कान देऊन होती. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत, तोंड उघडलंत, आणि दारातून हाक आली, "आक्का! बोंबील घेते काय?" पाचूबंदरची कोळीण, फिलूबाय. आणि बोंबलापुढे तुम्हाला ब्रह्मदेवही थांबवू शकला नसता.

"ताजे आहेत का?"

"डोला बघ ना त्यांचा. पानी पन मारलेलं नाय."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

"मागच्या टायमाला पन खरंच बोलली होती."

मंजिरी हसायला लागली. म्हणाली, "आत्याची आता तासाभराची निश्चिंती," आणि फोन ठेवला. मी कढीपत्ता आणायला मागे गेले. त्या दिवशी जेवताना तो विषय निघाला नाही. बोंबील इतके चांगले झाले होते, की कोणताच विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी तुम्हाला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दवाखान्यात, नाकातोंडावर तो मास्क. मी शेजारी बसायचे. तुम्ही हातानं काहीतरी फिरवून दाखवायचात आणि मी म्हणायचे, हो, विहिरीवरचा पंप बंद केलाय. मग तुम्ही डोळे मिटायचात. माझ्या मनात किती होतं! सत्यनारायणाचा घड होता. मी बी.एड. करत होते ते वर्ष होतं. तुम्ही मुद्दाम रात्रपाळ्या मागून घेतल्यात आणि दिवसभर मंजिरीला सांभाळलंत, सासूबाईंना वाटू दिलंत की ऑफिसनंच तशी ड्यूटी लावली आहे. बडोदा तर होतंच. तिथे बसून सगळं म्हणता आलं असतं. पण आपल्या घरात आभार कोणी मानत नाही, वन्सं. मी ते मानले असते तर तुम्ही लगेच ओळखलं असतं, की डॉक्टर मला काय म्हणाले आहेत. म्हणून मी पंपाचंच बोलत राहिले. ते बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं. पण मग हे सगळं माझ्याकडेच राहिलं.

सुतकात फिलूबाय आली. दारातूनच हाक मारली. मी सांगितलं. ती टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिली.

"कोन बोलला?"

"अगं, मी सांगतेय ना."

"परवा तर माझ्याशी भांडली. मला बोलली, पुढच्या वेळी बारकं आनलंस तर दारात उभी करनार नाय." मग तिनं टोपली उतरवली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "आता भांडू कोनाशी? तू तर सांगेल तो भाव देते." वन्सं, तुमच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात मला हे सगळ्यात खरं वाटलं. तुमचे भाऊही तिथेच होते. ते आत गेले आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः चहा टाकला. मी त्यांना चहा करताना फार वर्षांनी पाहिलं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मंजिरीचा फोन आला. रेवाला कॉलेजला उत्तर कळवायचं होतं. मंजिरी म्हणाली, "आत्या असती तर म्हणाली असती, जाऊ दे. पण ती सांगणार होती ते राहिलं ना? काय बघायचं ते?"

"राहिलं," मी म्हटलं. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी. तुझ्यात त्यांनी काय बघितलं, देव जाणे. एकदम एके दिवशी जेवताना म्हणाल्या, मुलगी भरली."

मंजिरी म्हणाली, "आई, तुला सुकेळ्यांचं माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. बारावीची परीक्षा संपली होती, मी बोर्डाचे पेपर तपासायला जात होते, आणि तुम्ही सुकेळी तिच्यावर सोपवली होती. दिवसभर उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची, बास. एका संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर राजोडीच्या समुद्रावर गेली आणि विसरली. रात्रभर केळी बाहेर राहिली. दव पडलं, मांजरांनी तुडवली, सगळी वाया गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रात्रपाळीहून येताना ती फाटकात उभी होती. तुम्ही चप्पल काढायच्या आतच म्हणाली, "आत्या, सुकेळी गेली. मी विसरले." मैत्रिणींचं नाव नाही, रडणं नाही. आणि पुढचा प्रश्न, "आता दुसरा कुठला घड कापू?"

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. कोयता दिला हातात."

वन्सं, तुम्ही हे मला कधी सांगितलं नव्हतंत. मला चुकीचं कळलं असतं म्हणून. मी सुकेळ्यांसाठी रागावले असते. मंजिरी म्हणते, त्याच रात्री तुम्ही भात कालवत ते वाक्य बोलला होतात, आणि मला वाटलं होतं तुम्ही उगाच हट्ट करता आहात.

तुम्ही त्या रविवारी हेच सांगणार होता का? कदाचित वेगळंच काही. ही खूण पुरेशी आहे का, तेही मला ठाऊक नाही. वादळाच्या वर्षी तुम्हीही चुकलात, आणि तुमचा हात माझ्यापेक्षा किती तरी जुना होता. पण विचारायला मला आता दुसरं कोणी नाही. म्हणून मी मंजिरीला विचारलं, "रेवानं अलीकडे काही बिघडवलं का?"

"म्हणजे?"

"मोठं काही. ओरडा बसेल असं."

"बिघडवलं! तुला सांगितलं नाही मी. गाडी मागे घेताना शेजाऱ्यांच्या गाडीचं दार चेपवलं. आणि मला कुणाकडून कळलं? शेजाऱ्याकडून! तो भला माणूस मला म्हणतो, तुमची मुलगी स्वतः येऊन सांगून गेली, शनिवारी येऊन गाडीचं बघते म्हणाली. मी तोंडावर पडले. घरी आधी सांगायला नको?"

"म्हणजे आधी ज्याची गाडी त्याला सांगितलं."

"हो."

"तू नसताना."

"हो, आई."

मला हसू आलं, आणि मग दुसरंही आलं, आणि मंजिरी म्हणाली, "आई? आवाज येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं. "जाऊ दे तिला."

तिच्या मागे कुठेतरी ईशान टीव्ही बघत होता. मग अगदी हळू, जसं ती बारावीत असताना अंधारात माझ्या पलंगाशी येऊन बोलायची तसं, म्हणाली, "मला नाही जाऊ द्यावंसं वाटत."

"मलाही नव्हतं वाटलं," मी म्हटलं. "पण मला वन्सं होत्या. तुला मी आहे."

रेवानं त्याच दिवशी कॉलेजला हो कळवलं आहे. ती पुढच्या महिन्यात निघेल. मंजिरीला त्या दिवशी मी फोनवर बसवून ठेवणार आहे, तिकडे तिला काही तरी सोलायला, निवडायला लावून. वन्सं, हे मुलांसाठी लिहिलं असं मी म्हटलं खरं, पण आधी तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची,
कुमुद